सुई वाईट की पैज?

टूसॉन, ॲरिझोना
३ मार्च २०२४

प्रिय बसक्या,

कागदावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, अजून जिवंत आहे. तुझ्या घरचा फोन लोरेनवहिनी उचलतात आणि "हॉलिस अंगणात आहे" म्हणून ठेवून देतात. स्वतःचा मोबाईल तू ठेवत नाहीस. शेवटी तीन दुकानं फिरून पोस्टाची तिकिटं आणली, तेव्हा हे पत्र निघालं.

बातमी अशी. ऑस्गुडबाईंचं पत्र आलंय. वडिलांच्या मागे आपला जुना ऑटर्स बेसबॉल संघ आता त्याच बघतात, हे तुला माझ्याआधी माहीत असेल. येत्या सहा ऑगस्टला आपल्या कोऱ्या सामन्याला तीस वर्षं होतात. नऊ डाव मी चेंडू टाकले आणि समोरच्या संघाला एकही फटका नीट मारता आला नाही, असं लँडर्स फेरी गावात ना त्याआधी घडलं ना नंतर. म्हणून त्या दिवशी मी मैदानात येऊन सामन्याचा मानाचा पहिला चेंडू टाकावा, अशी बाईंची इच्छा.

मी कळवलं, येतो, पण त्या दिवशी माझे चेंडू झेलणारा कॅचर, म्हणजे तू, मैदानाच्या फाटकाच्या आत हवा. नाहीतर राहू दे.

बाईंचं उत्तर आठ दिवसांत हजर. म्हणतात, "मिस्टर किओ, तुम्ही ताकदीच्या औषधाच्या सुया टोचून खेळलात, ते पैजा लावून खेळले. तुम्हाला पन्नास सामने घरी बसवलं, त्यांना माझ्या वडिलांनी जन्मभर बाहेर ठेवलं. यात जास्त वाईट काय, आणि त्यांना आत का घ्यावं, हे मला एका कागदावर पटवून द्या. एकाच कागदावर."

तेव्हा लेका, आपल्या दोघांच्या पापांची तुलना करायला बसलोय. मदत कर.

तुझा,
डावऱ्या


लँडर्स फेरी, मिनेसोटा
१४ मार्च

डावऱ्या,

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच.

आधी तुझ्या मनातलं कोडं सोडवतो. लोरेन खोटं बोलत नाही, मी खरंच अंगणात असतो. मोबाईल मी आपणहून सोडला. हल्ली त्यात चेंडू पडायच्या आत त्यावर पैज लावता येते. माझ्यासारख्याने तो बाळगणं म्हणजे सट्टेवाल्याला खिशात घेऊन फिरणं. अठरा वर्षं झाली मी पैज लावून, उगीच आगीशी खेळ नको.

तिकीटखिडकीच्या आत माझा फोटो अजून चिकटवलेला आहे. "यांना तिकीट देऊ नये." मिशीवाला. मिशी काढून बावीस वर्षं झाली, पण गावात मला कोण ओळखत नाही? खिडकीतल्या पोरी दर उन्हाळ्यात बदलतात, फोटो तसाच. आणि गंमत बघ, मैदानाच्या डाव्या कुंपणावर गेल्या वर्षापासून एक पाटी लागली आहे, गोठ्याएवढी लांब. कसली? पैजा घेणाऱ्या कंपनीची! ती पाटी आत आणि मी बाहेर.

घरापासून मैदान अर्धा मैल. भोंग्यावरची नावं ओसरीत ऐकू येतात. कोण खेळायला आला ते कळतं, पुढे काय झालं ते लोकांच्या ओरडण्यावरून ताडायचं. डावऱ्या, तुझ्यापाशी काय लपवायचं, मला आत जायचंय. एकदा तरी. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने असा हट्ट करू नये, पण आहे खरा.

तुझ्या कागदावर लिही की सुईच वाईट. पैज मी माझ्या पैशांनी लावली, सुईने तू दुसऱ्याच्या ताटातलं ओढलंस. एमॉस ट्रुडेल आठवतो? तुझ्या जागेवर यायला तो खालच्या संघात चार वर्षं थांबला होता. तू छत्तिसाव्या वर्षी अचानक पंचवीस वर्षांच्या घोड्यासारखा धावायला लागलास, आणि तो थांबूनच म्हातारा झाला. सध्या शेजारच्या गावात रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवतो. परवा आमचाच रस्ता त्याने साफ केला.

शिवाय तुझी टोपी दोन नंबर मोठी झाली होती, तेही लिही. बाईंना मजा वाटेल.

हॉलिस


टूसॉन
२९ मार्च

बसक्या,

टोपी दोन नाही, दीडच नंबर वाढली. जे खरं ते खरं.

सुईने मला काय दिलं ते तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत. पाठीवर मक्याच्या कणसासारखे फोड. डॉक्टर अजून दर सहा महिन्यांनी छातीला तारा लावतो आणि चिंतातुर तोंड करतो. एकदा थंड पेयाच्या यंत्रात नाणं अडकलं म्हणून मी त्या यंत्राला खुर्ची फेकून मारली, आणि यंत्राने मला सोडून सगळ्यांना बाटल्या दिल्या. पण राजा, मी जिंकण्यासाठी लबाडी केली. बघायला आलेल्या माणसाला एवढी खात्री होती की हा गडी मन लावून खेळतोय. त्यात खोट नव्हती.

ट्रुडेलचा विषय इथे नको. तो वेगळा आहे.

तर तुझी बाजू मी अशी मांडली आहे, वाच:

"हॉलिस ब्रँडव्होल्ड यांनी पैजा लावल्या, पण नेहमी स्वतःच्या संघाच्या बाजूने. संघाविरुद्ध त्यांनी कधीही पैज लावली नाही. पुरावा म्हणून कोरा सामनाच घ्या. कॅचर गुडघ्यांमध्ये बोटं दाखवून कुठला चेंडू हवा ते सांगतो आणि पिचरला पटलं नाही तर तो मान हलवतो. त्या दिवशी हॉलिसनी एकशे तीन चेंडू मागितले आणि मी एकदाही मान हलवली नाही. इतकं अचूक मागणं मी पुन्हा पाहिलं नाही. सामना कोरा चालला असेल तर पिचरशी कोणी बोलायचं नसतं, त्याची दृष्ट लागते, ही आमची जुनी रीत. इतर पोरं निदान डोळे तरी मिचकावत होती. हॉलिस पाचव्या डावानंतर बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतकी काळजी सख्खा भाऊ घेत नाही."

कसं काय? लिहिताना माझेच डोळे ओले झाले. याखाली "हे खरं आहे" असं लिहून सही कर आणि परत पाठव.

डावऱ्या


लँडर्स फेरी
११ एप्रिल

डावऱ्या,

इथे काल पुन्हा बर्फ पडला. लोरेनची कंबर धरली आहे. तरी रविवारच्या चर्चच्या जेवणासाठी तिने बटाट्याची मोठी परात भाजली आणि अर्धी मीच घरी संपवली. त्यावरून बोलणी खाल्ली.

तुझा मजकूर वाचला. चांगला आहे. फक्त ते मधलं वाक्य, संघाविरुद्ध कधीही वगैरे, ते काढता आलं तर बघ. भाषा जरा जड वाटते. आणि कोऱ्या सामन्याचं इतकं कशाला? तो तुझा पराक्रम, मला त्यात ओढू नकोस. त्यापेक्षा असं लिही की मी नऊ वर्षं शाळेच्या मुलींना चेंडू झेलायला शिकवतोय. तेही खरं आहे.

कागद सही न करता परत पाठवतोय. चहा सांडला होता त्यावर.

हॉलिस


टूसॉन
१९ एप्रिल

हॉलिस,

जड? अरे, सहा शब्दांचं वाक्य आहे ते. बाई त्याच एका वाक्यावर फाटक उघडणार आहेत. आणि कागदावर चहाचा डाग नाही, मी उन्हात धरून बघितला.

नवीन प्रत जोडली आहे. सही कर. तुला आत जायचंय ना?

डावऱ्या


लँडर्स फेरी
३० एप्रिल

प्रिय डेल्मार,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. पाचव्या वेळी लोरेन म्हणाली, "आता फाडलंस तर मीच लिहीन आणि माझं अक्षर चांगलं आहे." म्हणून हे धाडतोय.

मी सही करू शकत नाही. त्या दिवशी माझी पैज समोरच्या संघावर होती.

तेव्हा मी गळ्यापर्यंत बुडालो होतो. खताच्या दुकानातला तो माणूस आठवतो, आपल्या सामन्यांवरही पैजा घ्यायचा? आपल्याच बाजूने लावून लावून मी सारखा हरत होतो. मग वाटलं, आपण रोज हरतोच आहोत, एकदा तसंच धरून चालू. फक्त एकदा. असं म्हणणारा एकदावर कधीच थांबत नाही, पण आपल्या संघाविरुद्ध मी खरोखर तेवढंच एकदा लावलं. तुझा विश्वास बसेल अशी आशा करायचा हक्क मला नाही.

चार डाव मी काही केलं नाही. तू आपोआप गडगडशील असं वाटत होतं. पाचव्यात घाबरलो. तिथून पुढे मी तुझ्याकडे साधा, सरळ, मधोमध येणारा चेंडू मागत राहिलो, शाळकरी पोरानेही कुंपणापार मारावा असा. तू एकदाही मान हलवली नाहीस. दरवेळी मधोमध टाकलास, आणि दरवेळी तो शेवटच्या हातभर अंतरात आपणहून खाली बुडायचा. तुझा हात दमला होता, डावऱ्या. दमल्यावर तुझा चेंडू जास्त बुडतो हे मला ठाऊक होतं, आणि मी घाईत नेमकं तेच विसरलो. ते बिचारे बॅट फिरवायचे आणि चेंडू जमिनीवर घरंगळायचा.

बाकाच्या टोकाला मी रीत म्हणून बसलो नव्हतो. तुझ्याकडे बघवत नव्हतं.

नवव्या डावात मला पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर छान वाटेल. झाला नाही. शेवटचा चेंडूसुद्धा मी मधोमधच मागितला. मग तू धावत आलास, मला उचललंस, आणि मी तुझ्या खांद्यावर रडलो. गाव म्हणालं, काय मैत्री आहे! त्यात आनंद किती होता आणि भीती किती, तीस वर्षं मोजतोय. आनंद होता, एवढं खात्रीने सांगतो.

फाटकाचं राहू दे. तो कागद टाकून दे.

हॉलिस


टूसॉन
१८ जून

हॉलिस,

सात आठवडे लिहिलं नाही. पहिले तीन मी तुला मनात शिव्या देत होतो. त्यातल्या काही चांगल्या आहेत, भेटशील तेव्हा ऐकवीन.

चौथ्या आठवड्यात माळ्यावरून त्या सामन्याचा जुना तक्ता काढला आणि चेंडू-चेंडू बघत बसलो. पाचव्यापासून नवव्यापर्यंत पंधरा गडी आले. अकरा जणांनी जमिनीवरच चेंडू घरंगळवला. म्हणजे तू सांगतोस ते खरं आहे. मग मला हसू फुटलं, इतकं की शेजारीण कुंपणावरून विचारायला आली. अरे गाढवा, म्हणजे त्या दिवशी मी नऊ नाही, दहा जणांविरुद्ध खेळत होतो! आणि तरीही कोरा! असा सामना जगात दुसऱ्या कोणी टाकला असेल तर दाखव.

पण हसणं ओसरल्यावर काय झालं तेही ऐक. तुझ्याबरोबर मी एकेचाळीस सामने खेळलो. आता झोपायच्या आधी ते सगळे एकेक डोळ्यापुढे येतात आणि प्रत्येकाला मी विचारतो, तेव्हाही का? तू म्हणतोस एकदाच. मी मानतो. तरी विचारतोच. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. सुईने मी स्वतःचं शरीर नासवलं आणि ट्रुडेलची जागा खाल्ली. माझा गुन्हा कोणावर झाला ते बोट दाखवून सांगता येतं. तुझा त्या दिवशी खुर्चीत बसलेल्या प्रत्येकावर झाला, आणि त्यांना अजून पत्ताही नाही. तुझं जास्त वाईट, हॉलिस. मला वाईट वाटतंय लिहायला, पण तसंच आहे.

ट्रुडेलचा विषय वेगळा आहे म्हणालो होतो. वेगळाबिगळा काही नाही, मी त्याला घाबरत होतो. तुझ्या पत्रानंतर फोन केला. माफी मागितली. म्हणाला, "एकच सांग, टोचताना दुखायचं का?" मी म्हटलं, "फार." म्हणाला, "बरं झालं," आणि मग तासभर गप्पा मारल्या. तुमच्या रस्त्यावर बर्फ जास्त साठतो अशी त्याची तक्रार आहे.

आता माझी अट. त्या बाईंकडे तू स्वतः जायचंस आणि हे सगळं सांगायचंस. कागद मी लिहीनच, पण तुझं पाप मी माझ्या तोंडाने सांगणार नाही. नाही गेलास तर सहा ऑगस्टला मी येत नाही.

डावऱ्या


लँडर्स फेरी
२ जुलै

डावऱ्या,

गेलो. लोरेनने इस्त्रीचा सदरा घालायला लावला. फाटकातून जाता येत नाही, म्हणून ऑफिसच्या मागच्या दारातून गेलो, जिथे शेंगदाण्याची पोती उतरवतात.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीकडे बोट केलं. तिथे चौकटीत त्या दिवशीचं तिकीट लावलेलं आहे. म्हणाल्या, "माझे वडील आयुष्यात दोनदा रडले. आई गेली तेव्हा, आणि त्या संध्याकाळी. आता या चौकटीचं मी काय करू ते तुम्हीच सांगा, मिस्टर ब्रँडव्होल्ड."

मी एवढंच म्हणालो, "डेल्मारने टाकलेला प्रत्येक चेंडू खरा होता, बाई. खोटा मी होतो." त्या म्हणाल्या, "तिकिटावर खेळाडूंची नावं नसतात, हे तुमचं नशीब." चौकट काढली नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

जाता जाता धीर करून मी कुंपणावरच्या पाटीचं बोललो. बाई लाल झाल्या. म्हणाल्या, "तिच्या पैशांवर पोरांच्या बसचं भाडं निघतं. चला, या आता."

तर झालं. फाटक उघडेल असं वाटत नाही. पण घरी आल्यावर दुपारी तीन तास झोपलो, असा बऱ्याच वर्षांत झोपलो नव्हतो. तू ये मात्र. तो चेंडू टाकायलाच हवास.

हॉलिस


टूसॉन
१० ऑगस्ट

बसक्या,

माणूस आहेस की ओंडका? मी तुझ्या गावात दोन दिवस होतो, लोरेनवहिनींची परात रिकामी केली, तुझ्या ओसरीत बसून तुला सगळ्या शिव्या ऐकवल्या, आणि मैदानात यायच्या वेळी तू म्हणतोस, "तू जा, आजचा दिवस तुझा." तुला आत यायची परवानगी देणारं बाईंचं पत्र तोवर तुझ्या खिशात होतं हे मला विमानतळावर वहिनींनी सांगितलं!

तुला कळायला हवं म्हणून सांगतो, माझा पहिला चेंडू कॅचरपर्यंत पोचायच्या आधी दोनदा आपटला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. लोक प्रेमळ आहेत.

बाईंना मी कागदावर शेवटी काय लिहिलं ते तू विचारलं नाहीस. तीनच ओळी होत्या. "पैज जास्त वाईट. ज्याचं कमी वाईट त्याला तुम्ही मानाने बोलावता, म्हणजे माफी नेमकी कोणाला लागते ते उघड आहे. तो खोटी सही करून आत येऊ शकला असता, आला नाही."

आता मुकाट्याने खिडकीशी जा.

डावऱ्या


लँडर्स फेरी
२१ ऑगस्ट

प्रिय डावऱ्या,

सहा तारखेला आलो नाही, कारण तिथे भोंग्यावर कोरा सामना, कोरा सामना असा गजर होणार आणि मी टाळ्या वाजवत बसणार, हे मला झेपलं नसतं. बाईंच्या पत्रात तारीख नव्हतीच. "एखाद्या मंगळवारी या. तिकीट अकरा डॉलर, फुकट मिळणार नाही. मैदानात पाय ठेवायचा नाही. नव्वद क्रमांकाच्या रांगेत बसा." बस्स, एवढंच.

काल मंगळवार होता. लोरेनला घेऊन गेलो. खिडकीतल्या पोरीने आधी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग दोन तिकिटं दिली आणि फोटो सोलून माझ्या हातात दिला. "घरी न्या, छान आहे मिशी," म्हणाली.

नव्वदच्या रांगेत बसलो तेव्हा कळलं की तिथून छताचा खांब मध्ये येतो आणि कुंपणावरची ती पाटी अजिबात दिसत नाही. अख्ख्या मैदानात तेवढी एकच रांग तशी असेल. लोरेन म्हणाली, "बाई कडक आहे, पण डोकं आहे तिला."

डावऱ्या, पोरं इतकी वाईट खेळली की काय सांगू. तिसऱ्या डावात दोघे एकमेकांवर आदळले आणि चेंडू त्यांच्यामधून निघून गेला. पिचर तर आठ चेंडू सलग बाहेर टाकून रडवेला झाला. कॅचर कोवळा आहे, मागतो भलतंच, आणि मी खुर्चीतून "खाली माग, खाली!" असा ओरडलो की पुढच्या रांगेतल्या बाईने वळून बघितलं. लोरेनने दोनदा हॉट डॉग आणले, मोहरीची चटणी सदऱ्यावर सांडली, ओरडून घसा बसला. सातव्या डावात आपल्या कशाबशा दोन धावा झाल्या तेव्हा मी उभा राहिलो होतो आणि गुडघे दुखत नव्हते.

नऊ विरुद्ध दोन असे हरलो. लोक उठून गेले, दिवे अर्धे झाले, मी बसूनच होतो. लोरेन घाबरली. म्हणाली, "हॉलिस, रडतोस काय? काय झालं?"

मी म्हटलं, "अगं, आपण हरलो ना." आणि खरंच, तेवढंच झालं होतं. माझं काहीही गेलं नव्हतं, कोणाला काही द्यायचं नव्हतं, आपला संघ हरला म्हणून मला नुसतं वाईट वाटत होतं, आठ वर्षांच्या मुलाला वाटतं तसं. हे असं वाटतं, हेच मी विसरून गेलो होतो रे.

पुढच्या मंगळवारची तिकिटं काढली आहेत. पुन्हा हरतील बहुतेक.

तुझा,
हॉलिस